टाकी गळायची थांबली

शेटलंड, रविवार

प्रिय ग्लेनिस,

मी बरा आहे, काळजी करू नकोस. इथल्या मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यातले मासे माझ्याहून जास्त खातात. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरकडे गेलीस की नुसतंच जाते जाते म्हणतेस?

सिगारेट सुटावी म्हणून घेतलेल्या माझ्या विजेवरच्या वेपची टाकी आठवडाभर खिशात गळत होती, आणि झुरका घेतला की घशात जळकट चव. दुकानात तू म्हणालीच होतीस, "दोन तारांची नको, एका तारेची घे. तुला शर्टाचं बटण लावता येत नाही." पण मला मोठा धूर हवा होता.

काल माझ्याच खोलीत राहणाऱ्या मॅग्नसने सिगारेट पुढे केली. "घे रे, एकीने काय होतंय?" ती बराच वेळ बोटांत धरून बसलो, मग परत दिली. तुला हे कळावं म्हणून लिहितोय.

आज टाकी उघडून बसलो. दोन्ही तारांच्या वेटोळ्यांत मी कापूस ठासून भरत होतो, म्हणून त्यात टाकीतला रस चढत नव्हता आणि कापूसच जळायचा. टोकं आखूड कापल्यामुळे खालची भोकं उघडी राहायची, तिथून गळती. या वेळी कापूस सैल ओवला आणि टोकं भोकांवर अलगद बसवली. आता थेंबही गळत नाही.

"जमलं गं," असं मोठ्यांदा म्हणून मी मान वळवली. मॅग्नसही बोटीवर गेला होता, खोलीत मी एकटाच.

मागच्या दाराची कडी लावून झोपत जा.

तुझाच,
एमलिन