कोणाचेही वास्तव्य नाही

९ मार्च
मंजुरीचं पत्र आलं! जुन्या गावच्या गायरानातली वेडी बाभूळ मुळासकट काढायची, मूळचं गवत परत आणायचं, त्यासाठी सरकारी निधी. अर्ज मी लिहिला होता. पहिला हप्ता आत्ता, दुसरा पावसाळ्यानंतर पाहणी करून. मुखेडहून येताना एसटीत पुन्हा पुन्हा वाचलं.
आईला वाचून दाखवलं. "गवत लावाय सरकार पैसं देतं? आन् आमी जिंदगीभर ते उपटूनच ऱ्हायलो."
दुसरा हप्ता आला तर दिवाळीनंतर आमच्या बचत गटातल्या कोणालाच ऊसतोडीला जायला नको. आईलाही.

१७ मार्च
काम सुरू. बाभळीच्या आत शेळीसुद्धा शिरत नव्हती. कापत गेलो तसं गाव निघालं. जोती, उखळ, घराघराचे दगडी उंबरे. तलाठ्याच्या दप्तरात या गावापुढे एकच शब्द आहे, बेचिराग. जिथे दिवा लागत नाही ते. लोक का गेले, कोणी सांगत नाही.
शेवंतामावशी (आमच्या गटाची अध्यक्ष, आईची लहानपणची मैत्रीण) प्रत्येक उंबऱ्याशी चप्पल काढते आणि विचारते, "येऊ का वैनी आत?" जरा थांबते. मग आत जाऊन कुऱ्हाड घालते. बाकीच्याही तसंच. आईपण.
मी म्हटलं, "मावशी, आत कोण आहे?"
"कोनी का असंना. लोकाच्या घरात अशीच घुसतीस व्हय? कॉलेजात हेच शिकवलं का?"
सगळ्या हसल्या. मीही.
विहिरीजवळच्या शेवटच्या घराशी मात्र मावशी विचारून थांबली ती थांबलीच. मग चप्पल घालून परत फिरली. "आज नको म्हनती. उद्या इचारू."

२३ मार्च
शेवटचं घर तसंच. मावशी रोज विचारते, रोज परत येते. बाकी सगळं साफ. अर्धवट काम पाहणीत कसं दाखवायचं? अंधश्रद्धेपुढे मान तुकवायला शिकले का मी?

२५ मार्च
बाजाराचा दिवस. बायका मुखेडला. मुळं उपटायला जेसीबी बोलावला होताच, शेवटचं घरही करून घेतलं. बाभळीबरोबर उंबरा निघून आला. काळा दगड, मधोमध पावलांनी झिजलेला. योजनेच्या फलकाला पाया हवा होता. मी म्हटलं, हाच लावा.
फलक छान दिसतो. फोटो अपलोड केला.

२६ मार्च
बायका आल्या, फलकाखालचा दगड बघितला, तशाच परत गेल्या.
मावशी म्हणाली, "उंबराच काढलास गं. आता आतलं कोन आन् भायेरचं कोन?"
आईनं घरी ताट वाढलं, एवढंच.

१ एप्रिल
एकटीच गेले. शेवटच्या घरापुढचं अंगण झाडलेलं. खराट्याच्या कमानी स्पष्ट. सडा टाकलेला, ओला, शेणाचा वास. विहीर कोरडी आहे. जवळपास पाणी नाही.
घरोघर विचारलं, झाडलं कोणी? कोणीच नाही. मावशीनं तर दार लावून घेतलं.

४ एप्रिल
फलक उतरवला. आईनं पहार घेतली. दोघींनी उंबरा होता तिथे बसवला. मावशीनं हळदकुंकू वाहिलं, विचारलं, "येऊ का वैनी?" बराच वेळ उभी राहिली.
"काय म्हणतात?" मी. (मी विचारलं हे!)
"आता कायच बोलंना."
पण बायका उद्यापासून येणार.

२० जून
पवना, मारवेल ही इथली मूळची गवतं पेरली. बांधाला हिवर, बोरीची झाडं. त्या अंगणात मी स्वतः बी टाकलं, मुद्दाम दाट.

११ ऑगस्ट
गवत कमरेला लागतंय! टिटव्या आल्या. आई गवतातून हात फिरवत चालली होती. तिला असं मोकळं चालताना कधी पाहिलं नव्हतं.
अंगणात एक काडी नाही. गवताची कड दोरी धरून आखल्यासारखी. आतली जमीन झाडलेली. भर पावसात खराट्याच्या रेघा कशा टिकतात?

१९ सप्टेंबर
पाहणी. जिल्ह्याचे साहेब खूश. "असं काम मी कुठं बघितलं नाही, ताई." मग शेवटच्या घराशी आले.
"इथं कोण राहतं?"
"कोणी नाही सर."
"मग झाडतं कोण?"
गायरानावर अतिक्रमण असलं तर योजना तिथेच थांबते, हा नियम. ते चिडले नाहीत. म्हणाले, "लेखी द्या. सदर जागेवर कोणाचेही वास्तव्य नाही. तुमची सही. सोमवारी आणा, हप्ता काढतो."

२० सप्टेंबर
साधी ओळ. खरीसुद्धा आहे. कागद लिहिला, सहीची जागा सोडली.
आई : "दे की सही. कोन बघाय येतंय?"
भाकरी थापता थापता थांबली. "पर आदी इचार."

२१ सप्टेंबर, रविवार
दुपारी गेले. कोणी सोबत नाही. उंबऱ्यापुढे चप्पल काढली. हसू येईल वाटलं होतं, आलं नाही.
"वैनी, इथं कोणी राहत नाही, असं लिहून देऊ का?"
मावशीसारखी थांबले. भोवतीचं गवत वाऱ्यानं सळसळत होतं ते गप्प झालं. पायाखाली गार लागलं. खाली बघितलं तर सडा ओला.
बऱ्याच वेळानं मागे वळले. चप्पल मी घराकडे तोंड करून काढली होती, पक्कं आठवतं. आता ती वाटेकडे तोंड करून, जोडीनं, नीट ठेवलेली.
म्हणजे, दे लिहून आणि जा?
की नुसतंच, जा?
कागद पुढ्यात आहे. दोनदा पेन उचललं. ओसरीवर आई ऊसतोडीच्या कोयत्याला धार लावत बसलीय.