लिनक्सवर लवकरच

३ मार्च
आजपासून हे घर स्वतंत्र. घरच्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. मेल, फोटो, फाइली, सगळं एका प्रायव्हसीवाल्या कंपनीच्या ऑनलाइन ड्राइव्हवर हलवलं. कुलूप असं, की कंपनीलासुद्धा आत डोकावता येत नाही. बायको फिजिओथेरपिस्ट. कंबरदुखीवर पुस्तक लिहितेय, महिनाअखेर प्रकाशकाला द्यायचंय. म्हणाली, माझं पुस्तक होतं तिथंच राहू दे की. तिला हळूहळू पटेल.

४ मार्च
किरकोळ अडचण. ड्राइव्हचं ॲप विंडोजला आहे, मॅकला आहे, सगळ्या फोनांना आहे. लिनक्ससमोर लिहिलंय 'लवकरच'. म्हणजे काम चालूच असणार.

५ मार्च
तोवर ब्राउझरमधून. एकेक फाइल चढवायची, एकेक उतरवायची. बायकोने विचारलं, हे असं किती दिवस? म्हटलं, याने शिस्त लागते. तिने माझ्याकडे पेशंटकडे बघतात तसं बघितलं.

९ मार्च
सपोर्टला खरमरीत मेल टाकला. लगेच उत्तर! आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा म्हणालेत. फोरमवर एकाला चार वर्षांपूर्वी शब्दशः हेच उत्तर आलेलं दिसलं. त्याने नीट विचारलं नसणार.

१४ मार्च
सुटलो! फोरमवरच्या एका भल्या माणसाने स्वतःच प्रोग्राम बनवलाय. लॅपटॉप आणि ड्राइव्ह आपोआप जुळते ठेवतो. खाली 'वापरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर वापरावा' असं लिहिलंय. विनयशील दिसतो. चालू केला. बायकोला म्हटलं, आता तू फक्त लिही.

१५ मार्च
प्रोग्रामने दोन्ही बाजू तंतोतंत जुळवल्या. दोन्हीकडे पुस्तक नाही. मी चुकून रिकामं फोल्डर दाखवलं असावं, त्याने तेच खरं मानलं. काम चोख, यात वाद नाही. बायकोला सांगितलं नाही. दवाखान्यातून दमून येते बिचारी.

१६ मार्च, सकाळ
सपोर्टचं उत्तर: आपल्या फाइली आम्हाला दिसत नाहीत, त्यामुळे परतही आणता येत नाहीत. शब्दाला जागणारी कंपनी!

संध्याकाळ
सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सगळं?" एवढंच विचारलं. मग बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता.

१७ मार्च
बायकोने मेहुणीला वाचायला दिलेली प्रिंटआउट मिळाली. शेवटची दोन प्रकरणं त्यात नाहीत. बाकीचं टाइप करायचं मी अंगावर घेतलं. माझा स्पीड चांगला आहे.

२१ मार्च
स्पीड तितका नाही. पण काय लिहिते ही! एक बसड्रायव्हर आहे, घरात कुणाला कळू नये म्हणून दुखणं लपवतो आणि एक दिवस सीटवरून उठूच शकत नाही. तिथे हात थांबले. बायकोला जाऊन सांगितलं, फार छान लिहिलंयस. म्हणाली, गेल्या वर्षी तुला वाचायला दिलं होतं.

२४ मार्च
कंबर धरली. काय करू विचारलं. म्हणाली, "पाचवं प्रकरण. तूच टाइप केलंयस ना?"

३० मार्च
पुस्तक वेळेत गेलं. शेवटची दोन प्रकरणं तिने दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर नव्याने लिहिली. येताना स्वतःसाठी लॅपटॉप घेऊन आली. विंडोजवाला. मी मोठ्या मनाने म्हटलं, सेटिंग बघून देतो, पासवर्ड सांग.

म्हणाली, "खाजगी आहे."