कुत्र्याचा सदरा

८ जून
पोहोचलो एकदाचा! नारीनपासून चार तास, मांडीवर पिठाचं पोतं, तरी स्वारी खूश. मामा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर गेलाय, तो आता सप्टेंबरातच उतरेल. तोवर घर, मामी आणि दोन महिन्यांचं पिल्लू माझ्या ताब्यात. मामीने दारातच विचारलं की बिश्केकच्या कॉलेजने तुला हाकललं की तू कॉलेजला? मीच, म्हटलं. मग कुत्र्याला तरी शिकव म्हणाली, या घरात कुणीतरी शिकलेलं असू दे.

पिल्लू काळंभोर, कान लोंबते, नाव बासार. आल्याआल्या माझ्या बुटात मुतलं.

खरं कारण वहीत लिहायला हरकत नाही. दोन गल्ल्या पलीकडे जिपार राहते. मागच्या वर्षापर्यंत वर्गात माझ्या शेजारी बसायची. आता कुबातची बायको आहे.

१५ जून
बासार हुशार आहे. पाठ दाबायची नाही. सुक्या दह्याचा गोळा नाकावरून मागे न्यायचा, की ढुंगण आपोआप टेकतं. तेव्हाच ‘बस’ म्हणायचं. लोकरीच्या नमद्यावर मुतला तर ओरडायचं नाही, उचलून अंगणात न्यायचं. शीळ घातली की तोंडातलं हाड टाकून धावत येतो. ‘गप्प’ मात्र जमत नाही.

कुबात दुकानात भेटला. काय मास्तर, म्हणाला, एवढ्या मोठ्या शाळेत एकच पोरगा? आणि खांद्यावर थोपटलं. थोपटलं! तोच हात पिरगाळायला हवा होता. त्याला मुलगा झालाय, तीन आठवड्यांचा. सगळं गाव मला हेच सांगत सुटलंय, जसा काही मी पेढे वाटणार आहे.

३ जुलै
आज त्या पोराचा चाळिसावा दिवस. चाळीस चमचे पाण्याने न्हाऊ घालून त्याचा पहिला सदरा उतरवला. तो कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा, आत तळलेली पोळी गुंडाळायची, आणि कुत्रं सोडून द्यायचं. पोराची पीडा कुत्रं घेऊन पळतं, मुलं पाठलाग करून सदरा सोडवतात आणि आईच्या हातात परत देतात. तेवढं झालं की पीडा तुटली. जिपारची सासू बासारला मागायला आली, तरणं आणि निरोगी कुत्रं हवं म्हणून. मी आनंदाने दिलं. निदान जिपार दिसेल.

दिसली. सदऱ्याची गाठ मारताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतकंसुद्धा नाही!

डोकं फिरलं. मुलं किंचाळत मागे लागली होती, मी घरामागे जाऊन शीळ घातली. बासार सगळ्यांना चुकवून बाणासारखा आला. त्याला गोठ्यात कोंडलं आणि बाहेर येऊन सांगितलं की सदरा पाटात वाहून गेला. तो तिने शिवलाय. तिचे टाके आहेत. एवढं तरी माझं असू दे. मामीचा चेहरा उतरला. सदरा आईकडे गेला नाही तर पोर कुत्र्यापासून सुटत नाही म्हणे. म्हाताऱ्यांच्या गोष्टी!

गाठ लाळेने घट्ट झालीय. उद्या काढतो.

७ जुलै
गाठ अजून निघत नाही. आणि त्या गाढवाने आज जिपारचा फोटो चावून टाकला. एकच होता माझ्याकडे. दिवसभर बांधून उपाशी ठेवला. रडू दे.

मामी सांगत होती, जिपारचं पोर सकाळपासून दूध तोंडात घेत नाही. ऊन बाधलं असेल.

९ जुलै
परवा संध्याकाळी बासारला खायला घातलं होतं. त्याच संध्याकाळी पोर प्यायलं.

काल तो फार केकाटत होता. मी थुतरी मुठीत धरून ‘गप्प’ म्हटलं. महिनाभरात जमलं नव्हतं, ते एका झटक्यात जमलं. तेव्हापासून बासारचा आवाज नाही.

मामी आज जिपारकडून आली ती घाबरलेली. पोर तोंड उघडतं, लाल होतं, पण आवाज फुटत नाही. कालपासून.

१० जुलै
कात्री लावली. कापड कापत नाही. बासार तडफडला, मानेला ओरखडा आला, बस.

पोराच्या मानेवर लाल रेघ उठलीय.

परत करायला हवा. पण मग कुबातसमोर उभं राहून काय सांगू? की मी बाळाचा सदरा चोरला? तो पुन्हा खांदा थोपटेल. मरेन, पण—

नाही. मरेल ते पोर.

१२ जुलै
गेलो. भर दुपारी, बासारला काखेत घेऊन. कुबात गवत कापायला गेला होता. अंगणात बासार वळवळायला लागला म्हणून सवयीने म्हटलं, ‘बस.’

खिडकी उघडी होती. आत पाळण्यात पोर पट्ट्यांनी बांधलेलं. पट्टे तुटल्याचा आवाज आला. पन्नास दिवसांचंही नाही ते, आणि ताठ उठून बसलं. दह्याचा गोळा मिळेल म्हणून माझ्या हाताकडे बघत—

जिपारने पोराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सगळ्या वर्षात पहिल्यांदाच.

मी पळालो. बासारला घेऊन पळालो. हरामखोर आहे मी.

१३ जुलै
ती आली. माझ्या दारात, स्वतःहून. मागे सासू, पोर घेऊन. मामीने गोठा उघडला, मला विचारलंही नाही.

जिपारने गाठीला एक बोट लावलं. सुटली. बासार भुंकला आणि पाटापलीकडे नाहीसा झाला. त्याच क्षणी पोर रडलं. काय रडलं! मामी रडली, मीही.

सासू म्हणाली, कपडा रिकामा ठेवता येत नाही. आत जे आहे ते कुणीतरी घेऊन पळायला हवं, नाही तर रात्रीपर्यंत पोरात परत शिरेल. कुत्रं कुठंय? मी हसलो.

जिपार हसली नाही. तुला माझ्या हातचंच हवं होतं ना, म्हणाली. घे मग.

तिची बोटं मानेला लागली. मी हललो नाही. हलायला हवं होतं—

१४ जुलै
गाठ निघत नाही. सदरा वीतभर, तरी गळ्यात बसलाय.

पोर बरं आहे. पितं, झोपतं. मामीने सांगितलं— दारातून. आत येत नाही. माझा चहा बशीत, जमिनीवर.

तिच्यावर ओरडलो. आवाज— तो आवाज माझा नव्हता.

बोटं जुळत नाहीत. अक्षर—

दुपार
फाटकाशी मुलं जमलीत. दहा-बारा. ढकलाढकली, हसणं. लहान आहेत, त्यांना खेळ वाटतोय. पलीकडे जिपार उभी, पोर खांद्यावर.

मामी फाटक उघडतेय. म्हणते पळ. तुझ्या आईची शपथ, पळ, लांब पळ, मागे वळू नको—

नाही पळणार. माणूस आहे मी. इथेच बसून राह—

कुणीतरी पहिला दगड—

पाय आपणच—