दाजींचा टॅबलेट आणि बाभळीचं रान

नागापूर, अहिल्यानगर

तीर्थरूप आदिनाथदादांना कल्याणचा दंडवत. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? रत्नागिरीची दमट हवा तुमच्या खोकल्याला मानवत असेल, असं धरून चालतो. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण आपल्या लंकाअक्काचे यजमान, भिमाजी दाजी. तुम्ही होड्या बांधता, म्हणून हे रडगाणं तुमच्यापाशी.

तीस वर्षं श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात बॉयलर सांभाळलेल्या माणसाने निवृत्तीनंतर परसात कारली लावावीत. दाजींनी मुंबईहून जुनी, चौदा फुटी शिडाची होडी आणली. (टेम्पोतून येताना लोकांनी वाटेत चारदा विचारलं, कोणत्या मंडळाचा देखावा?) ती मुळा धरणात सोडायची ठरली. दादा, या धरणाचा काठ चारी बाजूंनी दिसतो, पलीकडच्या मेंढ्या मोजता येतात. पण दाजी म्हणाले, रस्ता दाखवायला टॅबलेट पाहिजे, त्याशिवाय शीड उघडणं बेजबाबदारपणाचं आहे. पोहता न येणाऱ्या माणसाने हे बोलावं!

मग नगरच्या दुकानात आमची वरात. तिथल्या विक्रेत्याने आयुष्यात होडी पाहिली नसावी. ‘साहेब, यात पिक्चर लई भारी दिसतात,’ हे त्याचं एकच पालुपद. दाजींनी दहा इंची निवडला, का, तर बॉयलरच्या काट्याएवढा मोठा दिसतो म्हणून. घरी येऊन त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिंपात बुडवला. तो जगला, म्हणून पेढे वाटले. पाण्यावर गेल्यावर कळलं की त्यात उपग्रहावरून जागा ओळखायची सोयच नाही, तो घरच्या वायफायवर अंदाज बांधायचा. आम्ही धरणात, आणि नकाशावरचा बाण श्रीगोंद्यात, दाजींच्या गल्लीतून हलायला तयार नाही. मी म्हणालो, ‘दाजी, याला आपल्यापेक्षा अक्कल आहे, हा घरीच थांबला.’ आठ दिवस अबोला.

दुसरा टॅबलेट सगळ्या सोयींचा. गेल्या रविवारी भर दुपारी निघालो. सुकाणूवर मी (अनुभव, नागापूरच्या कारखान्यात लेथ चालवण्याचा), पुढे दाजी, मध्ये डबा घेऊन अक्का. उन्हात त्या काचेत दाजींना स्वतःच्या मिशांशिवाय काही दिसेना. मग त्यांनी डोक्यावरून घोंगडी घेतली आणि आतून हुकूम सोडायला लागले. डावीकडे! अजून डावीकडे! समोर उघडं पाणी, लख्ख आकाश, आणि आमचा कप्तान घोंगडीत. मीही मूर्खासारखा ऐकत गेलो. थोड्या वेळाने आतून क्षीण आवाज आला, ‘कल्याण, हा तापून बंद पडला रे.’ आणि त्याच क्षणी खालून करकर वाजलं आणि होडी जागीच अडकली.

इथवर मी हसत होतो, दादा. मग वाऱ्याचा झोत आला. शीड भरलेलं, होडी खालून धरलेली. ती एका अंगावर कलंडली आणि पाणी आत आलं. अक्का डब्यातली पिठल्याची वाटी रिकामी करून पाणी उपसायला लागली. दाजींनी दोन्ही हातांनी डोलकाठी धरली. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मला दोऱ्या सुटेनात.

‘आधी शीड पाडा की! आन् त्या घोंगडीवाल्याला खाली बसवा!’

ही पुष्पावती. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, ताटलीएवढ्या दोन फळ्यांनी वल्हवत मासे धरणारी बाई. तिने सांगितली ती दोरी मी सोडली, शीड खाली आलं, होडी सरळ झाली. तिने पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून सुकाणू मोकळं केलं.

दाजी म्हणाले, ‘बाई, नकाशात तर इथं नुसतं निळं आहे.’

‘निळं आसंल. हितं माज्या सासऱ्याचं बाभळीचं रान हुतं. उन्हाळ्यात पानी उतरलं की खोडं दिसत्यात. तिकडं हीर हाय, तिच्या पल्याड बांध. बांधाच्या कडंनं चला, कायबी लागायचं न्हाई.’

त्या बाईने थर्माकोलच्या तुकड्यावरून आमचं जहाज बांधाबांधाने काठाला नेलं. सगळं बुडालेलं शिवार तिला पाठ. काठावर अक्काने तिला सगळ्या भाकरी दिल्या आणि दाजींकडे बघून म्हणाली, ‘आता ह्या बाईंना विचारा, आपण कुठं आहोत.’

असे आपले दाजी. त्यांना काही समजावता आलं तर पाहा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
कल्याण

ता. क. दाजी आता तिसरा टॅबलेट बघताहेत. त्यांना लिहा की हे खूळ सोडा.

ता. क. २ : वरचं लिहू नका. अडकायच्या आधी दहा मिनिटं शीड भरून होडी अशी निघाली होती, की इतक्या वर्षांच्या लेथच्या आवाजानंतर मला प्रथमच कानात काही ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जातोय. पुष्पावती पुढे बसायला तयार आहे. तुमच्याकडून अंगावर घालायची तरंगती जाकिटं पाठवा, चार. दाजींचं सर्वांत मोठं. सुकाणूवर अक्का बसणार आहे, ती म्हणते, कल्याणला डावं-उजवं कळत नाही.