कातळी पुन्हा फुलली

रानशेत,
होळीनंतरचा बुधवार, १९६३

प्रिय चिमे,

आधी बातमी ऐक, मग शिव्या दे. आपल्या डोंगरावर कातळी फुलली आहे! एखाददुसरी नाही गं, वरचा अख्खा खडक पांढरा दिसतोय. पान नाही, ओल नाही, पाय भाजतील असला दगड, आणि भेगाभेगांतून नुसती फुलं. मी तर तिथंच बसून रडले. बाया म्हणाल्या, मालूला ऊन लागलं.

तुझ्या लग्नाच्या वेळी वर तीनच रोपं उरली होती, आठवतं ना? नवरीबरोबर कातळी कांद्यासकट उपटून न्यायची आणि सासरी मांडवाच्या मेढीशी लावायची. ती रुजली की नवरी रुजली, असं आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. तेव्हा मी खडकावर ठाण मांडून बसले आणि कुणाला हात लावू दिला नाही. तूही म्हणालीस, राहू दे, मी अशीच जाते. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तुझ्या सासूच्या जिभेचं. घरात कुणी शिंकलं तरी बिनकातळीची सून आली म्हणून! तुझं बाळ पोटातच गेलं, तेव्हा तर तिनं सांगूनच टाकलं, कातळी घेऊन ये, नाहीतर येऊ नको. आणि आमचे जावई लडक्याराव मुके! तू वरोरला हिराबाईंकडे मासळी सुकवायला गेलीस त्याला दोन वर्षं होत आली. तेव्हापासून मला घास गोड लागलेला नाही.

मुंबईच्या कॉलेजातले ते झाडपाल्याचे सर परत येऊन गेले. तलासरीपर्यंतचे डोंगर पालथे घातले, पण कातळी दुसरीकडे कुठंच सापडली नाही. मागं त्यांनी ती संपल्यात जमा धरली होती. आता म्हणतात, दुर्मिळ आहे ती आहेच, पण उपटली नाहीत तर जगेल. मग पाड्यानं बसून ठरवलं, यापुढं फूल वरच राहील, नवरानवरीनं डोंगर चढून त्याच्या पाया पडायचं. म्हातारी मंडळी थोडी कुरकुरली, पण कबूल झाली.

ही बातमी तुझ्या सासरी पोचायला किती वेळ? गेल्या आठवड्यात लडक्या दारात हजर, खांद्यावर पहार. त्याच्या आईनं कातळी आणायला धाडलं होतं, म्हणजे तुला परत नेता येईल. नाही म्हणावं तर तुझा संसार, हो म्हणावं तर कातळी. तशीच त्याला घेऊन वर गेले. तो पहार टेकवून बघत राहिला. मी सहज विचारलं, तुझ्या आईच्या लग्नातली कातळी कुठं आहे रे? म्हणाला, कुठली, ती चार दिवसांत वाळली, उरलेली शेळीनं खाल्ली. एवढं बोलला आणि थबकला. मग स्वतःच हसायला लागला. म्हणाला, आणि आई अजून घरातच आहे की, हलायचं नावसुद्धा घेत नाही! मग पहार उचलून खाली उतरला.

आज सकाळी तो पुन्हा आला. आईला त्यानं तोंडावर सांगितलंय, चिमी आली तर अशीच येईल. सासू धुसफुसतेय, म्हणून ह्यानं त्यांच्या पाड्याच्या कडेला वेगळं खोपटं बांधायला घेतलंय. तुझ्या बाजूनं बोलायला उशीर झाला, असं स्वतःच म्हणाला. मला बाई खोटं वाटलं नाही.

हे पत्र म्हणूनच टपालात टाकत नाही, त्याच्याच हाती देतेय. हिराबाई ते तुला आणून देतील. तो तुझ्यासमोर येणार नाही, किनाऱ्यावर होड्यांपाशी बसून राहील. तू हाक मारलीस तर वर येईल, नाहीतर आल्या पावली परत जाईल. मी शपथच घातलीय तशी. माझ्यासाठी नको, कातळीसाठीही नको, तुझ्या मनात असेल तरच बोलव. फक्त ऊन फार आहे गं, काय ते ठरवायच्या आधी त्याला तांब्याभर पाणी धाड.

तुझीच भांडकुदळ ताई,
मालू