दोन्ही हातांचा योक

अहो,

मी एसटीने ठाण्याला निघालेय, एकटीच. मागून येऊ नका.

कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या खेळासाठी तुम्ही आणलेला योक, ते विमानाचं स्टिअरिंग, खोक्यात परत भरून ठेवलाय. माझ्या हाताला ताण नको म्हणून फिरवायला हलका बघून आणलात, कळतं मला. पण तो एकट्या उजव्या हातानेच फिरतो आणि डावा नुसता मांडीवर पडून राहतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या हातालाच तर कामाला लावायचंय.

काल ठाण्याच्या दुकानात फोन केला होता. त्यांच्याकडे कडक स्प्रिंगचा योक आहे. मी विचारलं, "एका हाताने वळतो का?" दुकानदार म्हणाला, "नाही हो मॅडम, दोन्ही हात लावावेच लागतात." म्हटलं, मग तोच बाजूला ठेवा, मी येते.

कुकर झालाय, आमटी तेवढी गरम करून घ्या. दर स्टॉपला फोन करू नका. येताना खोकं जड असेल, तेव्हा थेट भिवंडीला आपल्या घरापर्यंत रिक्षाच करीन.

आज साडीही माझी मी नेसले. निऱ्या जरा वाकड्या आल्यात, पण तशीच निघाले.

सरला