मंगळवारचा पाते शिनवा

ब्रॉसार्ड,
८ जून २०२५

ती. स्व. भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही ड्रॉवरमध्ये जपून ठेवता, म्हणून आपल्या घरात अजून टपाल चालतं. असू दे. लिहायला बसलं की निदान मध्येच कुणी तोडत नाही.

इकडे सगळं ठीक. लायलॅक फुलून गेला, विंटर टायर एकदाचे काढले. गुडघा कुरकुरतो, पण बेसमेंटचे जिने चढू देतो. दर रविवारी व्हँकुव्हरहून गौरांगीचं प्रवचन असतं की आई, घर विक आणि माझ्याजवळ कॉन्डो घे. मी हो हो म्हणते आणि फोन ठेवते.

आता मुद्दा. यंदा महालक्ष्म्यांची पाळी माझी. ऑगस्टअखेर तुम्ही आणि जाऊबाई मुखवटे घेऊन याल. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला माझ्याकडूनच कळावी, दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. शेजारचे नवराबायको, रेजाँ आणि सोलांज, तुम्हाला ठाऊक आहेत. रेजाँचं डोकं आता पार विस्कटलंय. मुलीचं नाव आठवत नाही, ताट पुढे ठेवलं तर तोंड फिरवतो. खातो तो एकच पदार्थ, लहानपणी आईच्या हातचा खाल्लेला पाते शिनवा. खाली कांद्यावर परतलेला बीफचा खिमा, त्यावर मका, सगळ्यात वर लोणी घालून कुस्करलेला बटाटा, आणि ओव्हनमध्ये वरून खरपूस होईपर्यंत भाजायचा. मार्चमध्ये सोलांज बर्फावर घसरली. तिचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. तिला भांडं उचलवत नाही. त्यात रेजाँने शेगडी तशीच चालू सोडली, म्हणून मुलीने त्यांच्या घरातला स्टोव्हच काढून टाकलाय.

तेव्हा एप्रिलपासून दर मंगळवारी तो पदार्थ मी करते. माझ्या स्वयंपाकघरात. सोलांज स्टुलावर बसून सांगते आणि जन्मात अंडं न फोडलेली मी खिमा परतते. पहिल्या वेळी मध्येच खिडकी उघडून उभी राहिले. चव घेत नाही, घेणारही नाही. पण नैवेद्याचा स्वयंपाक आपण न चाखताच करतो की नाही? त्या सरावावर मीठ बरोबर पडतं. फक्त पहिल्यांदा हात सवयीने गेला आणि गरम तेलात मोहरी-हळद पडली. रेजाँने त्या पिवळ्या खिम्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ताट पुसून खाल्लं. आता मी हळद विसरले तर सोलांज आठवण करते!

भांडं वेगळं ठेवलंय. तुम्ही रागवाल हे मला ठाऊक आहे. खुशाल रागवा, पण पत्र पुरतं वाचून रागवा.

जाऊबाईंना नमस्कार. तुमची माया आजवर होती तशीच राहू द्यावी.

तुमची,
सुमेधा


रिचमंड हिल,
१९ जून २०२५

॥ श्री ॥

चि. सुमेधा हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पुरतं वाचलं, आणि मग रागावलो. तू सहज लिहून गेलेला तो शब्द मी या कागदावर उमटवणार नाही.

मी जुनाट माणूस नाही, हे तुला सांगायला नको. रवी गेला तेव्हा मंडळातले लोक कुजबुजत होते की आता धाकट्या सुनेकडे महालक्ष्म्या कशा बसवायच्या. मी सगळ्यांदेखत सांगितलं की माझा भाऊ गेला म्हणून त्याच्या बायकोची पाळी जात नाही. शेजाऱ्यांनी काय खावं यातही मी कधी नाक खुपसलं नाही. पण ज्या शेगडीवर पुरण शिजतं, तिच्यावर ते? यवतमाळहून आईने कापडात गुंडाळून दिलेले मुखवटे मी त्या घरात कसे आणू?

मार्ग निघतात. मसुराचा कर. दुकानात तयार गोठवलेला मिळतो, तो आण. नाहीतर त्यांच्या मुलीने बघावं. तू मात्र हे बंद कर. शेगडी बदलून घे, घर धुऊन पुसून घे, मग आम्ही मुखवटे घेऊन येऊ. तसं नसेल तर ते यंदा इथेच बसतील, आणि यापुढेही इथेच. रवी असता तर ही वेळच आली नसती.

चित्राची तब्येत बरी. टोमॅटोला फुलं धरली आहेत.

तुझ्या सद्बुद्धीवर अजून भरवसा असलेला,
शरदचंद्र


ब्रॉसार्ड,
३० जून २०२५

ती. स्व. भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

मंडळाला तुम्ही सुनावलंत ते मी विसरलेले नाही. ते बोलायला छाती लागते. म्हणून तुम्हाला गुळमुळीत उत्तर देणं मला शोभणार नाही. मी बंद करणार नाही.

मसुराचा करून पाहिला. रेजाँने एकेक मसूर काट्याने वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. गोठवलेला डबा त्याने वास घेऊन ढकलून दिला. मुलगी लांब शिकुटिमीला नर्स आहे, जमेल तेव्हा धावत येते, याहून जास्त तिला कसं जमणार? मे महिन्यात मी गौरांगीकडे जाऊन आले. परतले तर रेजाँची पँट सोलांजने दोरीने बांधली होती. एवढा तो वाळला होता.

रवी असता तर, असं तुम्ही लिहिता. मग रवी गेला तो जानेवारी आठवा. घरात चूल पेटायची नव्हती. वादळाने नदीवरचा पूल बंद पडला आणि मॉन्ट्रियलच्या मंडळींचे डबे पलीकडेच अडकले. ते पहिले दिवस आपल्या सगळ्यांना वरणभात कुणी दिला? सोलांजने. गौरांगीला दारात गाठून, वरण कसं करतात ते विचारून घेतलं तिने. आणि स्वतःच्या घरच्या भांड्यांत मांस शिजलेलं आहे म्हणून बर्फातून चालत जाऊन नवं पातेलं विकत आणलं. तिला हे कुणीही सांगितलं नव्हतं. मलाही कितीतरी महिन्यांनी कळलं, तेही तिच्या मुलीकडून. तो भात तुम्ही मागून घेतलात, भाऊजी.

मी त्याची परतफेड करते आहे असं मात्र समजू नका. परतफेड असती तर केव्हाच करून मोकळी झाले असते. भिंतीपलीकडे एक माणूस उपाशी राहतो आणि त्याला लागतं ते मला करता येतं, बस्स. भुकेल्याचं अन्न शिजवून शेगडी बाटते हे मला पटत नाही. न पटलेलं करण्याची माझी हौस सासूबाईंच्या राज्यातच फिटली!

कानाचं मशीन लावत जा. रागावर पाणी ओतावं, मायेवर नको, एवढं मागणं.

तुमची,
सुमेधा


रिचमंड हिल,
१५ जुलै २०२५

चि. सुमेधास,
अ. आ. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. आधी खरं सांगते, तुझं पहिलं पत्र वाचून त्या दिवशी मलाही जेवण गेलं नाही. मी तुझ्या बाजूची आहे असं समजू नकोस.

दुसरं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचायला घेतलं. नव्या पातेल्यापर्यंत आले, थांबले, आणि पत्र माझ्या हातात देऊन गॅरेजमध्ये निघून गेले. बऱ्याच वेळाने आले ते स्वच्छ असलेलं लॉनमोवर पुसून. मला वाटलं, विरघळले. पण रात्री जेवताना म्हणाले की पातेलं पातेल्याच्या जागी आणि मुखवटे मुखवट्यांच्या जागी. पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीय आणि जाता-येता तिच्याकडे बघतात.

मी सुचवते ते कर. चार ओळी लिही की बंद केलं. तुझ्या घरी तपासायला कोण येतंय? ते तीन दिवस सांभाळ, नंतर तुझं तू बघ. अगं, आपण बायकांनी जन्मभर घरातली शांतता अशीच राखली. ह्यांना अजून वाटतं की त्यांच्या आईच्या वेळचं सगळं सोवळंओवळं मी पाळते. त्यांना वाटू देते.

ह्यांच्यापुढे मी कधी नाही म्हटलेलं तुला आठवतंय का? मलाही आठवत नाही. म्हणून तुझ्याकडे पदर पसरते. महालक्ष्म्यांवरून घर तुटायला नको.

तुझ्यावर जीव आहे, म्हणून खोटं बोलायला सांगणारी,
चित्रा


ब्रॉसार्ड,
२६ जुलै २०२५

ती. स्व. सौ. जाऊबाई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडू आलं आणि मग हसूही आलं. लॉनमोवर पुसणारे भाऊजी डोळ्यांपुढे उभे राहिले.

पण जाऊबाई, हे नाही जमणार. भाऊजींशी खोटं बोलणं फारसं अवघड नाही, आपल्या दोघींची त्यात पदवी झालीय. पण महालक्ष्म्या येतात तेव्हा आपण काय करतो? दोघी दोन मुखवटे घेऊन हळदीकुंकवाच्या पावलांवरून सगळं घर हिंडतो. प्रत्येक ठिकाणी थांबून एकीने विचारायचं की इथे काय आहे, दुसरीने खरं सांगायचं. इथे धान्य आहे, इथे कपडे आहेत, इथे मुलं निजतात. लक्ष्मीला आपण आपलं घर दाखवतो. मग तिला दाखवायचं नाही असं काही मी घरात ठेवून घेऊ? चोरून केलं तर मी पाप करते आहे असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मी पाप करत नाही.

भाऊजींना सांगा, मुखवटे द्या किंवा देऊ नका, माझ्याकडे महालक्ष्म्या येणार. माझ्या माहेरी देवरुखला खड्यांच्या गौरी बसतात. नदीवर जायचं, न बोलता पाच खडे उचलायचे आणि घरी आणायचे. इथे सेंट लॉरेन्स दारात वाहते आहे, खड्यांना तोटा नाही. त्या पाच खड्यांना मी पुरणाचा नैवेद्य दाखवीन.

आणि सवाष्ण म्हणून सोलांज जेवायला बसेल. तिला अजून सवाष्ण म्हणता येतं, कारण तिचा नवरा दोन घास खातोय. ते घास कुठल्या शेगडीवर शिजतात ते सगळ्यांना सांगून मी तिची ओटी भरणार आहे.

तुम्ही नसाल तर मात्र घर मला खायला उठेल. गौरीला साडी कशी नेसवायची ते मला ठाऊक नाही, ते काम नेहमी तुमचं.

रागावलात तरी मला टाकू नका.

तुमची,
सुमेधा


रिचमंड हिल,
२२ ऑगस्ट २०२५

चि. सुमेधास,
अ. आ. वि. वि.

मी तीस तारखेच्या गाडीने येते. एकटी. तिकीट मी स्वतः काढलं, दोनदा चुकलं आणि तिसऱ्यांदा निघालं.

ह्यांना सांगितलं की ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी माझ्याबरोबर येत आहेत. ते म्हणाले, मुळीच नाही. मी म्हटलं, मग आंबील, सोळा भाज्या आणि पुरण तुम्ही करा, आणि साड्याही तुम्हीच नेसवा. ते पेटी फळीवरून काढून द्यायलाही उठले नाहीत. मीच स्टुलावर चढून काढली. उतरल्यावर बरं वाटलं गं.

तुझं ते खाणं मला पसंत नाही, हे लिहून ठेवते. पण तुझी पाळी तुझी आहे.

मला घ्यायला स्टेशनवर ये. माझं फ्रेंच तुला माहीत आहे.

तुझी,
चित्रा


ब्रॉसार्ड,
४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. भाऊजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आला नाहीत. तुमची खुर्ची मांडली होती आणि ती रिकामी राहिली. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही.

काय घडलं ते तुम्हाला कळायला हवं, मुखवटे तुमच्या आईचे आहेत. जाऊबाई गाडीतून उतरल्या त्या पेटी छातीशी धरून. हमालाला हात लावू दिला नाही. रविवारी आवाहन. महालक्ष्म्यांच्या धांदलीत सवड मिळायची नाही म्हणून मी मंगळवारचं काम शनिवारीच उरकलं होतं, आणि पाते शिनवाचा ट्रे फ्रीजमध्ये होता. जाऊबाईंना मी तसं सांगितलं. त्या फक्त हं म्हणाल्या.

ज्येष्ठा त्यांच्या हातात, कनिष्ठा माझ्या. त्या पुढे, मी मागे. जाऊबाई विचारत होत्या, मी सांगत होते. हॉल झाला, रवीची खोली झाली. स्वयंपाकघरात आलो. शेगडीपाशी पुरण सांगितलं, कपाटापाशी तांदूळ-गहू सांगितले. आणि मग भाऊजी, एवढ्या गमजा मारणारी मी, माझे पाय आपोआप देवघराकडे वळले. फ्रीज मागे टाकून मी पुढे निघालेसुद्धा.

जाऊबाई हलल्या नाहीत. त्यांनी ज्येष्ठेला डाव्या हातात घेतलं, उजव्याने फ्रीज सताड उघडला आणि मुखवटा त्या ट्रेसमोर धरला. स्वतःची मान त्यांनी बाजूला वळवली. तरी सगळीकडे विचारलं तसंच, तेवढ्याच मोठ्याने त्यांनी विचारलं की इथे काय आहे.

मी सांगितलं, इथे रेजाँचं जेवण आहे.

ते उदंड असू दे, असं म्हणून त्यांनी फ्रीजच्या दारावर कुंकवाचं बोट उठवलं.

जाऊबाई पुढच्या मंगळवारपर्यंत राहतायत. खिम्याला हात लावणार नाहीत, पण बटाटे त्या कुस्करणार आहेत. मी गाठी ठेवते म्हणे.

मुखवटे इथे पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेत. पुढच्या वर्षीची पाळी तुमची आहे, घेऊन जायला तुम्हीच या. लोभ ठेवा किंवा ठेवू नका, तुमचं पान मी मांडणारच.

तुमची,
सुमेधा